आधी हातावर

भागीरथेच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग होते. मुळात रंग सावळा, त्यावर हे आणखी गडद, धुतलेल्या लुगड्यावर ओल राहून जावी तसे. माय होती तोवर तिला त्या रंगाचं काही वाटलं नव्हतं. माय जात्यावर बसली की म्हणायची,

काळ्याशार वावरात, बोंड फुटे गं धवळं
मायले कधी का दिसे, लेकरू तिचं सावळं

माय गेली, ओवी गेली. उरली अकोल्याची मुलींची शाळा, भाड्याची एक खोली आणि तिशी उलटलेली मास्तरीण.

त्या चैत्रात बडनेरा स्टेशनावरचे पार्सलबाबू खुशालराव आईला घेऊन तिला पाहायला आले. बायको वारलेली, बोलणं मऊ. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "एकटीच्यानं घास उतरते का हो?"

पाहायला आलेल्या कुणी आजवर असं विचारलं नव्हतं. "तुमच्यानं उतरते?" ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

निघताना त्यांच्या आईनं भागीरथेच्या सुंदरामावशीला दारातच सांगितलं, "पोरगी चांगली हाये. तोंडावरचं तेवढं जाऊ द्या, बुद्धपौर्णिमेले लगन लावून टाकू. नाई गेलं तर आमी दुसरीकडं पाहू." खुशालराव चपला शोधत राहिले.

पौर्णिमा महिन्यावर होती. मावशी दुसऱ्याच दिवशी बिब्बे घेऊन आली. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि गळणारं तेल टाचेच्या भेगेत सोडायचं, ही घरोघरची रीत.

"टाचेची साल निंगते, तशी गालाची निंगन," मावशी म्हणाली. "खालून नवी कातडी येते वं!"

"टाच पाहाले कोणी येत नाई, मावशे. भाजली तरी चपलीत झाकते."

पण खालून नवी कातडी येते, हे मात्र तिच्या मनात घर करून बसलं. अमरावतीचे डॉक्टर अब्दुल रहीम औषध लावून चेहऱ्याची वरची साल उतरवतात, असं तिनं शाळेत ऐकलं होतं. रविवारी तिनं गाडी धरली.

डॉक्टरांनी काचेची बाटली टेबलावर ठेवली आणि फोटो दाखवले. आधीचे, नंतरचे. सगळ्या बाया गोऱ्या.

"यांच्यात माझ्यासारखी कोणी नाई?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही, बाई. झूट कशाला बोलू? मुंबईत मी शिकलो ते गोऱ्या कातडीवर. आपली कातडी भाजली की रागावते. कधी डाग जातो, कधी त्याहून काळा होऊन बसतो."

"मंग समजावं कसं?"

"आधी हातावर लावून पाहायचं, कोपराच्या आतल्या बाजूला. जखम लवकर भरते, पण खरा रंग दिसायला दीड-दोन महिने जातात. आणि हे ऊन तर दुश्मनच."

"पौर्णिमा त्याच्या आधी येते, डॉक्टरसाहेब."

त्यांना पौर्णिमेचं काय ते कळलं नाही, पण तिच्या आवाजातलं कळलं. "तुम्ही म्हणाल तर आज चेहऱ्यावर लावतो. फैसला तुमचा."

भिंतीवर आरसा होता. आरशात ते दोन डाग, आणि त्यांच्यामागे कुठंतरी दोन ताटं मांडलेली.  भागीरथेनं पोलक्याची बाही वर सरकवली.

बुद्धपौर्णिमा आली. विहारात वंदना चालू असताना मावशी कानाशी लागली, "खुशालरावाचं जमलं वं. धामणगावची हाये." भागीरथेचे हात जोडलेलेच राहिले. 

मृगात मावशी भांडी घासता घासता थबकली. "हे कधी गोंदवलं वं? अन् असं बेढब!"

कोपराच्या आत रुपयाएवढा डाग उठला होता, गालावरच्यापेक्षा दुप्पट काळा. भागीरथा पाहतच राहिली. आधी हसू आलं, मग हात गालाकडे गेला. हे सगळं तोंडावर असतं!

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी हात उजेडात धरला. "तुम्ही वाचलात, बाई. मीही वाचलो," एवढंच म्हणाले. मग एक सौम्य औषध लिहून दिलं. हिवाळ्यात सुरू करायचं, तेही हातावर आधी. उन्हात छत्री, बिब्ब्याला शिवायचं नाही. "फिके होतील. पुरते जातील असा वादा नाही करत."

परतीला बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर खुशालराव कापसाच्या गठाणींवर खुणा करत होते. तिला पाहून त्यांचा हात थांबला. नजर तिच्या गालावर गेली आणि लगेच खाली वळली.

"बरं हाये न?"

"बरं हाये. तुमचं?"

"चाललं आपलं."

वाचल्याची ती गोष्ट तिच्या ओठांपर्यंत आली. बाही वर करावी आणि म्हणावं, हे पाहा, तुमच्या घरी येण्यापायी हे मी तोंडावर घेणार होती. अख्ख्या वऱ्हाडात ही गोष्ट जिवाला लागावी असा हाच एक माणूस होता, आणि त्यालाच ती सांगता येत नव्हती.

तिनं बाही कोपराखाली ओढली. "गाडी लागली," ती म्हणाली.

बायांच्या डब्यात खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलली तसं मावळतीचं ऊन तोंडावर आलं. भागीरथेनं पदर गालावरून घेतला आणि अकोला येईपर्यंत तसाच धरून ठेवला.