काळ्या रंगाखालची काच

काच फोडणाऱ्याला त्या घरात त्या दिवशी जेवण मिळत नसे. गंमत नाही सांगत. सासऱ्यांनी पन्नास वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या, पण स्वतःहून एक काच कधी फोडली नाही की कुणाला फोडू दिली नाही. "तडा गेलेली काच लहान होते, टाकाऊ होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोठ्या खिडकीची काच तडकली की तिची लहान खिडकी करायची, लहान खिडकीची फोटोची चौकट, आणि उरल्यासुरल्या तुकड्याचं बरणीचं झाकण. लोक हसायचे. म्हणायचे, या म्हाताऱ्याचा चष्मा फुटला तरी तो त्याचं काहीतरी करील.

मग दिवस पालटले. ज्यांनी घरं प्लास्टिकच्या डब्यांनी भरली होती तीच मंडळी काचेच्या बरण्या शोधत फिरायला लागली, आणि सुनेचं नशीब फळफळलं. सून मोठी खटपटी. पाडकाम चाललेल्या घरांतून जुन्या खिडक्या उचलून आणायची, पुट्टी खरवडायची, काचा धुवायची आणि त्यांची टेबलं, फळ्या, दिव्यांची आवरणं करून विकायची. नवरा टेम्पोतून माल पोचवायचा. सासरे घरालाच लागून असलेल्या कारखान्याच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून प्रत्येक काचेच्या काठावरून बोट फिरवायचे नि नाक मुरडायचे. "धार राहिली गं. गिऱ्हाइकाचं बोट कापलं तर तू जाणार आहेस का पट्टी बांधायला?" बोलणी खायची आणि काम करायचं, असं सगळं छान चाललं होतं.

त्या दिवशी एका मास्तरीणबाईंसाठी रोपं ठेवायचं काचेचं घर पुरं करायचं होतं. चोवीस काचा हव्या होत्या आणि निघाल्या बावीस. आता दोन काचा आणायच्या कुठून? सून मागच्या ढिगाकडे गेली. तिथे पोत्याखाली भिंतीला टेकून चार काळ्या काचा उभ्या होत्या. ती लग्न होऊन आली तेव्हापासून त्या तिथेच. कारखाना वाढवताना मागची खोली पाडली, तिच्या खिडकीच्या या काचा, एवढंच तिला माहीत होतं. तिने त्या दोनदा मागितल्या होत्या आणि दोन्ही वेळा सासरे म्हणाले होते, "त्या राहू देत." चिकट माणसाचा जीव कशात अडकेल काय सांगावं! पण आज नवरा त्यांना डोळे दाखवायला घेऊन गेला होता, म्हणजे रान मोकळं.

तिने गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवला, काचेवर ओतला आणि रंग भिजल्यावर पातं चालवलं. पहिली काच लख्ख निघाली. दुसरी अर्धी झाली असेल, तेव्हा तिला रेघा दिसल्या. ती चरफडली. चांगली काच कुणी मेल्याने ओरखडून ठेवली! नखाने चाचपून पाहिलं तर वरून काच गुळगुळीत. रेघा पलीकडच्या बाजूला होत्या. उरलेला रंग तिने खरवडला, काच उचलून दाराच्या उजेडात धरली आणि वाचलं.

"मी गेले नाही. मला इथे कोंडलंय. माझ्या बाळाला सांगा."

अगं आई गं! काच मांडीवर घेऊन ती पालथ्या बादलीवर मटकन बसली. तिने पुन्हा वाचलं, काच फिरवून पाहिली. खरडलेली बाजू आतली होती आणि त्या बाजूने सगळी अक्षरं उलटी होती. म्हणजे आतून लिहिणारीने ती मुद्दाम उलटी काढली होती, बाहेरच्याला सुलटी वाचता यावीत म्हणून. हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. दुकानांची नावं काचेवर आतून उलटी रंगवतात, त्यांनाच हे जमतं. त्या घरात अशी नावं रंगवणारी एकच बाई होऊन गेली होती, तिच्या नवऱ्याची आई. कारखान्याच्या दारावरची पाटी अजून तिच्याच हातची होती. त्या पाटीवरचा 'क' आणि या काचेवरचा 'क' सख्ख्या बहिणी होत्या, खालचा फाटा तसाच आत वळवलेला.

पण ती बाई तर चार वर्षांच्या पोराला टाकून पळून गेली होती! सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याने पहिली अट हीच घातली होती, की माझ्यासमोर तिचं नाव काढायचं नाही. लेकीने एकदा आजीबद्दल विचारलं, तर हा एवढा मऊ माणूस तिच्यावर खेकसला होता, "मला आई नव्हती!" आणि नंतर रात्रभर तळमळत पडला होता.

तेवढ्यात सासरे आत आले. नवऱ्याने त्यांना दारात सोडलं होतं आणि तो टेम्पो लावायला गेला होता. सुनेच्या मांडीवरची काच पाहिली मात्र, म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"बाबा, हे काय आहे?"

सासरे स्टुलावर बसले. खाली बघत म्हणाले, "ती पोराला घेऊन माहेरी निघाली होती. कायमची. मी म्हटलं, जायचं तर एकटी जा. ऐकेना. म्हणून मागच्या खोलीत ठेवली आणि पोराला, गल्लीला सांगितलं, पळून गेली. एकोणीस दिवस. मग तिचा भाऊ आला आणि घेऊन गेला."

"आणि पोर?"

"पोर माझं होतं."

सुनेला वाटलं, आपण भलत्याच माणसाकडे बघतोय. बारा वर्षं याला गरम गरम वाढलं, याची औषधं आणली, याच्या शिव्या हसून खाल्ल्या! "आणि हे कुणी वाचलं नाही?"

"काच कापायचा हिरा तिच्यापाशी राहिला होता, ते माझ्या लक्षात आलं नाही. खिडकी बोळात उघडायची. दूधवाल्याने वाचलं नि मला येऊन विचारलं. मी म्हटलं, तिचं डोकं फिरलंय. त्याच दिवशी बाहेरून रंग मारला."

"रंग मारलात? फोडली का नाही?"

म्हाताऱ्याने मान वर केली. प्रश्नच कळला नाही असं त्याचं तोंड झालं होतं.

"चांगली काच होती," तो म्हणाला.

चांगली काच! बायकोला कोंडायला हात कचरला नाही, लेकराला आईवेगळं करायला कचरला नाही, आणि काचेची दया आली! सुनेला रडावं की ओरडावं ते कळेना.

बाहेर टेम्पोचं दार आपटलं. सासरे धडपडत उठले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. "फोड ती. ऐक माझं. फोड लवकर. त्याला काय सांगणार आहेस? चाळीस वर्षं झाली. म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढायला लावणार आहेस का? एक काच फोडलीस तर काय बिघडतं गं?"

एक क्षण तिला खरंच वाटलं, द्यावी सोडून हातातून. फरशीवर पडली की संपलं. घर शाबूत राहील, लेकीचा आजोबा राहील, नवरा आहे तसा राहील. पण आहे तसा म्हणजे कसा? आईने आपल्याला टाकलं हे काळजात घेऊन जगणारा. तो आणखी किती वर्षं असं जगणार? तिने मनगट सोडवून घेतलं.

नवरा आत आला. "काय झालं? दोघांची तोंडं अशी का?"

"अहो, हे वाचा," ती म्हणाली. "मागच्या खोलीच्या खिडकीची आहे. रंगाखाली होतं."

त्याने काच उजेडात धरली. ओठ हलवत, पहिलीतल्या पोराने वाचावं तसं वाचलं. मग दारावरच्या पाटीकडे पाहिलं, मग बापाकडे. बापाने मान खाली घातली आणि त्याला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं. आता हा काय करतो, म्हणून सुनेचा जीव टांगणीला लागला. पण तो ओरडला नाही की बापाच्या अंगावर धावला नाही. काच भिंतीला जपून टेकवून ठेवली आणि त्या काचेसमोरच जमिनीवर बसला.

"ती आली होती," तो म्हणाला.

"कोण?"

"आई. मी बावीस वर्षांचा होतो. बाबा कामावर गेले होते. दारात एक बाई उभी. म्हणाली, मी तुझी आई. मी म्हटलं, सोडून गेलीस तेव्हा नाही आठवलो?"

"मग?"

"मग ती रडायला लागली. म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, फक्त मागच्या खिडकीचा रंग खरवडून बघ. एवढंच म्हणत राहिली. खिडकीचा रंग, खिडकीचा रंग. मला वाटलं, वेडी आहे. तिच्या तोंडावर दार लावलं." त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तेव्हा ती खोली उभी होती गं. चार पावलांवर होती ती खिडकी. मी उठून बघितलं नाही."

सून त्याच्याजवळ जाऊन बसली. "कुठे राहते, काही म्हणाली होती का? आपण जाऊ. आत्ताच्या आत्ता जाऊ."

"म्हणत होती काहीतरी, पत्ता सांगत होती," तो म्हणाला. "दाराच्या आड उभा राहून मी कानांवर हात ठेवले होते."