हात न लावता

शिकाऊ मुलीने ओली प्लास्टरची पट्टी पिळली आणि मापाचा साचा घेण्यासाठी कंडक्टरबाईच्या गुडघ्याखाली उरलेल्या पायावर पहिला वेढा घेतला. पट्टी सरळ जात होती. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या तपासनिसाने वहीत खूण केली.

"घट्ट झालं तर सांगा हं."

"तू गुंडाळ गं. मी काय, तिकीट काढून बसलेय," कंडक्टरबाई म्हणाली. जन्मभर बसमध्ये उभी राहिलेली बाई. पाय साखरेने नेला होता, जीभ शाबूत होती.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या या कारखान्याचे उस्ताद मुलीच्या मागे उभे होते, दोन्ही हात पाठीशी धरून, शिक्षा झालेल्या पोरासारखे. का, ते तपासनिसाला ठाऊक होतं. कॉलेजं आपली मुलं कामाच्या जागी शिकायला पाठवतात. तिथे ती खरोखर काही शिकतात का हे पाहायचं आणि कॉलेजांना सुधारणा सुचवायच्या, ही त्याची नोकरी. गेल्या वर्षी इथून परतल्यावर त्याने लिहिलं होतं, 'विद्यार्थी नुसते बघे. उस्ताद काम हातातून सोडत नाहीत.' वाक्य तेव्हा त्याला आवडलं होतं. कॉलेजने ते वाचून दाखवून उस्तादांना बजावलं, की यंदाही असंच दिसलं तर मुलं येणार नाहीत. जवळपास दुसरा कारखाना नव्हता. मुलं इथे आली नाहीत, तर कॉलेजातला हा वर्गच बंद पडणार होता.

मुलीने आणखी एक वेढा दिला, आणि तपासनिसाची नजर ट्रेवर गेली. प्लास्टर कडक झालं की ते पुढून उभं कापून काढतात. पातं कातडीला लागू नये, म्हणून गुंडाळण्याआधी पायावर प्लास्टिकची जाड पट्टी ठेवतात. ती ट्रेमध्येच पडली होती.

त्याने वर पाहिलं. उस्तादांनाही ती दिसली होती. पण ते ट्रेकडे नाही, त्याच्याकडे बघत होते.

काम चालू असताना तपासनिसाने तोंड उघडायचं नाही, असा नियम. नव्या तपासनिसांना तो हाच शिकवायचा. उस्तादांनी घसा खाकरला. तपासनिसाने मान खाली घातली आणि वहीत उगाच एक तारीख गिरवली.

उस्तादांचे हात पाठीशीच राहिले.

प्लास्टर तापलं, मग कडक झालं. कंडक्टरबाई सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या कुणा प्रवाशाची गोष्ट सांगत होती. मुलीने पातं लावलं, वरून खाली ओढलं. गोष्ट रंगात आली होती. फटीतून लाल रेघ उमटली तरी कंडक्टरबाई थांबली नाही. त्या पायाला फारसं कळतच नव्हतं. थांबली ती मुलीचा चेहरा बघून.

"काय झालं गं? संपला का रस्ता?"

उस्तादांनी मुलीच्या हातातून पातं काढून घेतलं.

जखम लांब होती, खोल नव्हती. पण साखरेच्या पायाला ओरखडाही महाग. ती भरल्याशिवाय नवं माप घेता येणार नव्हतं, आणि कधी भरेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. नव्या पायाने आधी थोरल्या लेकीकडचा जिना चढायचा, असं कंडक्टरबाईने ठरवलं होतं. "जिना काय पळून जातो?" ती म्हणाली, पण पुढची गोष्ट तिने सांगितली नाही.

तिला पडद्याआड नेताना उस्ताद तपासनिसाजवळ जरा थांबले.

"मी बोलणार होतो, सर. तुम्ही मान खाली घातलीत." आवाजात राग नव्हता. हिशेब लागत नसल्यासारखे ते क्षणभर उभे राहिले आणि आत गेले.

मुलीशी बोलणं बाकी होतं. ती हात धुऊन समोर येऊन बसली. नखांत प्लास्टर तसंच होतं. ठरलेले प्रश्न त्याने गुंडाळले आणि शेवटच्यावर आला: मागून येणाऱ्या मुलांनी या जागी यावं का?

"हो, सर."

"आज असं होऊनही?"

"आजची चूक माझी आहे. उस्तादांविरुद्ध काही लिहू नका, प्लीज." तिने हात मांडीखाली दडवले. "इथे काम करू देतात, सर. आधीच्या मुली सांगायच्या, नुसतं उभं राहून बघायचं. मग म्हणे तपासायला आलेल्या कुणी तरी तसं स्पष्ट लिहिलं, म्हणून बदललं. नाहीतर आमच्या हाताला कुणी प्लास्टर लागू दिलं नसतं."

पडद्यापलीकडे उस्ताद हळू आवाजात कंडक्टरबाईला काही समजावत होते.

"ते तुमच्याच ऑफिसातले असतील ना?" मुलीने विचारलं. "भेटले तर माझे आभार सांगाल?"

तपासनिसाने पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"सांगतो," तो म्हणाला.

मुलीचे खांदे जरा सैल झाले, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच ती हसली.