वहीत नसलेले पान

बारकीला मिळण्यासारखे होते ते एवढेच: क्लबाच्या बुद्धिबळ संघातली चौथ्या पटावरची खुर्ची, परगावच्या सामन्यांचे तीन दिवस, आणि आतून कडी लागणारी एक खोली, जिच्यात येऊन कुणी तिला चहा टाक म्हणणार नव्हते. हातचे काय जाईल, हे तिने मोजलेच नाही.

"आणि पांढऱ्या आल्या तर काय करशील?" दादाने विचारले. रविवारची दुपार होती, पट मांडलेला होता, आणि नेहमीप्रमाणे पांढऱ्या सोंगट्या त्याच्याकडे होत्या.

"तू करतोस तेच."

"मी करतो ते दिसायला सोपं आहे गं, बारके."

बारकी चोपन्न वर्षांची होती, दादा एकसष्ट. ती बाराची असताना त्याने तिला बुद्धिबळ शिकवले आणि त्याच दिवशी 'मोठ्याने आधी' असा नियम करून टाकला. बेचाळीस वर्षांत तो कुणी रद्द केला नाही. दोन हजारांवर डाव झाले, पण बारकीने पहिली चाल एकदाही केली नव्हती. काळ्यांकडून मात्र ती महाचिवट. राजासमोरचे प्यादे एक घर सरकवायचे, मागे भिंत उभी करायची आणि दादाला कंटाळा येईपर्यंत थांबायचे. बहुतेक डाव बरोबरीत सुटायचे. ती जिंकली ते निम्मे तरी दादाच्या कंटाळ्याने जिंकली.

कामगार क्लबाच्या संघात चार खुर्च्या. चौथीवर नऊ वर्षे दादा. यंदा सेक्रेटरीने त्या खुर्चीसाठी पाच जणांत सामने लावले. चिठ्ठ्या टाकल्या, तर शेवटची फेरी निघाली दादा आणि बारकीची, आणि पांढऱ्या निघाल्या बारकीला. शेवटी गुण सारखे झाले तर खुर्ची जुन्याकडेच, असे सेक्रेटरीने आधीच सांगून ठेवले होते.

बारकी कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, ती त्यांत प्लास्टर ओतायची आणि ते घट्ट होईपर्यंत बारा मिनिटे नुसती बसायची. दिवसाला पाच साचे, म्हणजे रोजचा एक तास; सामन्याला अकरा आठवडे. तिने क्लबाच्या कपाटातून ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, जाडजूड पुस्तक आणले. सहाशे पाने.

"हे सगळं पाठ करणार?" पलीकडच्या टेबलावर दात चमकवणारी पॉलिशवाली म्हणाली. "एखाद्याच्या तोंडात घोडा बसवाल, ताई."

"सगळं कशाला? एकच निवडायचं."

निवडणेच जड गेले. पहिल्या आठवड्यात ती वजिरासमोरच्या प्याद्याच्या प्रेमात पडली, दुसऱ्यात घोड्याच्या. संघात दुसऱ्या पटावर बसणारा घड्याळजी वैतागला. "अहो, चपला घेताय का? ही घालून बघितली, ती काढून ठेवली! एक घ्या आणि चालायला लागा."

मग तिने सरळ दादाचीच चाल घेतली: राजासमोरचे प्यादे दोन घरे. दोन हजार वेळा समोरून पाहिलेली. काळ्यांकडून त्यावर काय काय येते ते पुस्तकातून काढून तिने वहीत पाने पाडली. सात उत्तरे, सात पाने. दादा क्लबात जे खेळायचा ते सर्वांत वर. प्लास्टर ओतले की ओळी हाताने झाकायच्या आणि म्हणून बघायच्या. एक चाल चुकली की पुढच्या साच्याला पुन्हा पहिल्यापासून. नवव्या आठवड्यात पॉलिशवालीलाही चौथे पान तोंडपाठ झाले. तिला घोडा कसा चालतो हेसुद्धा ठाऊक नव्हते. सात पानांची बातमी घड्याळजीने क्लबभर केली. दादाच्या कानांवर ती जायचीच होती.

आधीचे तिन्ही डाव दोघांनीही जिंकले.

शेवटच्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. "या बाजूनं तू समोर बसलीस की पट परकाच वाटतो," बसता बसता तो म्हणाला.

"होते सवय."

बारकीने प्यादे दोन घरे पुढे ठेवले. दादाने पटाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि आपले राजासमोरचे प्यादे एकच घर सरकवले.

तिचाच बचाव. वहीत त्याचे पान नव्हते. स्वतःविरुद्ध तयारी करायची, हे तिला सुचलेच नव्हते.

"दादा, हे तुझं नव्हे," ती हळूच म्हणाली.

"तुझंच. बेचाळीस वर्षं फोडतोय, फुटत नाही. म्हटलं, आता तू बघ फोडून."

सेक्रेटरी खाकरला.

आणखी एकेक प्यादे पुढे आले. आता तिसरी चाल. इथे दादा दर रविवारी प्याद्याने प्यादे मारायचा, मधली जागा मोकळी व्हायची आणि बारकी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकायची. कारण मारण्याऐवजी त्याने प्यादे नुसते पुढे ढकलले असते, तर तिचा एक उंट तिच्याच भिंतीमागे कोंडला गेला असता. चौदाव्या वर्षी तिला हे दिसले होते. तेव्हापासून ती त्या घराकडे न पाहण्याची काळजी घेत आली होती.

आता मारले, तर बरोबरी. खुर्ची दादाची आणि गुपित तिचे. ढकलले, तर दादाला दिसणार.

बारकीने प्यादे ढकलले.

दादाने जिभेने वरची कवळी सैल केली आणि पुन्हा बसवली. कवळी बारकीनेच केलेली. दादा अडला की तिचा असा टिकटिक आवाज येतो, हे तिला पक्के ठाऊक होते. पुढच्या तीस चालींत तो सहा वेळा आला. उंट शेवटपर्यंत कोंडलेलाच राहिला. एकेचाळिसाव्या चालीला दादाने राजा आडवा केला.

"हे कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"चौदाची होते तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस!"

"तू विचारलंस कधी?"

पुढच्या रविवारी दादा आला, बसला आणि त्याने दोन्ही हातांच्या मुठी तिच्यापुढे धरल्या. एकीत पांढरे प्यादे, दुसरीत काळे. 'मोठ्याने आधी' हा नियम असा एका शब्दाशिवाय गेला. बारकीने डावी मूठ दाखवली. काळे.

"नशीब बघ," दादा म्हणाला.

दोन चाली नेहमीच्या झाल्या. तिसरीला त्याने प्यादे पुढे ढकलले आणि खुर्चीला पाठ टेकली. कवळीचा आवाज आला नाही.

"शिकलास."

"फुकट नाही शिकलो."

बारकी तो डाव हरली. सोमवारी तिने पहिला साचा ओतला, घड्याळ लावले आणि वहीत आठवे पान उघडून वर 'काळ्या' असे लिहिले. दादाची खुर्ची गेली होती आणि पांढऱ्यांवरचा हक्क. तिचे बेचाळीस वर्षांचे भिंतीमागचे घर गेले होते. बारा मिनिटे होती. तिने मनातल्या पटावर भिंतीतली पहिली वीट, राजासमोरचे प्यादे, जागेवर परत ठेवले आणि त्याच्याशिवाय काय काय करता येते ते बघू लागली.