फळ्यावर पडलेला ‘तर’

मित्रांनो, शाळेच्या चित्रखोलीत कपाटाशेजारच्या स्टँडवर बसलेला, एका अंगाने पिवळा पडलेला हा डबा म्हणजे मी, एक जुना प्रोजेक्टर. एरवी मला नुसतं घुरघुरता येतं. पण आज मी बोलणार आहे, कारण माझ्या हातून एक गोष्ट बाहेर पडली आहे आणि ती अजून थांबलेली नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका कामगार ताईने माझ्या पोटात पंखा बसवला, पुढे भिंग लावलं आणि मला पहिल्यांदा चालू केलं. समोरच्या भिंतीवर रंगीत पट्टे उमटले. ताई उठली, भिंतीजवळ गेली आणि चित्राच्या चारही कोपऱ्यांना बोट लावून आली. मग तिने माझ्या पाठीवर ‘तपासले’ असा शिक्का मारला. त्यानंतर कित्येक वर्षं माझे कोपरे बघायला कुणी उठलं नाही.

शाळेत आलो तेव्हा माझा केवढा थाट होता! भूगोलाच्या बाई माझ्यातून ज्वालामुखी दाखवायच्या, तर पहिल्या रांगेतली मुलं पाय वर घ्यायची. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाहुण्यांना आधी माझ्याकडे आणायच्या आणि मग चहाकडे. पुढे शेजारच्या वर्गात भिंतीएवढा चकचकीत फळा आला. तो बोटाने चालायचा. मग मला कोण विचारतो? मी कपाटावर गेलो. माझ्या डोक्यावर जुन्या वह्यांचा गठ्ठा आला आणि हवेच्या जाळीत खडूची धूळ बसली. गरज सरो, वैद्य मरो.

यंदा प्रकल्पांच्या आठवड्यात चकचकीत फळ्याची खोली कमी पडली, म्हणून संगणकाच्या सरांनी मला खाली उतरवलं, फुंकर मारली आणि स्टँडवर ठेवलं. माझा जुना पडदा फाटला होता. सरांनी दुसरा आणला, तो निघाला आखूड. पडद्याच्या खाली काळा फळा होता. चित्राचा खालचा वीतभर भाग त्या फळ्यावर पडायचा आणि काळ्यात बुडून जायचा.

“सर, खालचं दिसत नाहीये,” कुणीतरी म्हणालं.

“चालतंय रे. खाली कोण बघतं?” सर म्हणाले. त्यांच्या हातात तीन केबल होत्या आणि दारात चार वर्ग उभे होते.

आठवीत एक मुलगी होती. दिसेल ते गोळा करून ठेवायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. बियांपासून बसच्या तिकिटांपर्यंत काहीही. तिचा विषय होता शाळेचं पाणी. गच्चीवरच्या टाकीचा फोटो हवा म्हणून ती पाणीवाल्या मावशींकडे गेली. मावशी चौदा वर्षं ती टाकी धूत होत्या आणि गच्चीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

“उद्या ये गं, मधल्या सुट्टीत. आज पाय फार दुखतोय. चढवणार नाही मला,” मावशी म्हणाल्या.

पण सादरीकरण उद्याच पहिल्या तासाला होतं. खारूताईने नेटवरून एक टाकी उचलली. भिंतींना हिरवं शेवाळ, पाण्यावर तवंग, कोपऱ्यात मेलेलं पाखरू. बघूनच घशाशी यावं. तिने चित्राच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘शाळेची टाकी वेळेवर धुतली नाही’, आणि चित्राच्या खाली लिहिलं, ‘तर काय होईल?’ त्याखाली बारीक अक्षरांत, ‘चित्र नेटवरचे आहे, आपल्या टाकीचे नाही.’ पोर प्रामाणिक होती हो. पण तिने प्रामाणिकपणा तळाशी ठेवला आणि तळ माझ्या पडद्यावर मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी खोली पालकांनी भरली. खारूताई लॅपटॉपकडे बघत होती. लॅपटॉपवर तिला सगळं नीट दिसत होतं. ती ते वाचणार, एवढ्यात तिला सरांची शिकवण आठवली, “स्लाइड वाचून दाखवायची नाही. लोकांना डोळे आहेत.” म्हणून ती गप्प राहिली. चांगलं पाच सेकंद गप्प राहिली, परिणाम व्हावा म्हणून.

मित्रांनो, त्या पाच सेकंदांत मी काय पाहिलं सांगू? वरची ओळ पडद्यावर आली. हिरवी टाकी आली, मेलेलं पाखरू आलं. आणि ‘तर’ फळ्यावर पडला. दोन अक्षरांचा शब्द, पण तो गेला आणि प्रश्नाचा आरोप झाला. मी जीव खाऊन उजेड फेकला. काळ्या फळ्याने तो गिळला. मी घुरघुरलो, तर सर म्हणाले, “पंखा खराब झालाय वाटतं.”

मागच्या रांगेत एक चष्मेवाले पालक बसले होते. त्यांनी मोबाइल वर केला आणि फोटो काढला. शाळा सुटायच्या आत तो फोटो पालकांच्या ग्रुपवर होता. खाली त्यांनीच लिहिलं होतं, ‘शाळेनेच आज कबूल केले.’

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पोर घरून पाण्याची बाटली घेऊन आलं. कार्यालयात गर्दी मावेना, म्हणून बैठक चित्रखोलीत घेतली. मी तिथेच होतो, डोळा उघडा ठेवून.

“ही माझी टाकी नाही, बाई,” मावशी मोठ्या बाईंना म्हणाल्या. “माझ्या टाकीला आतून पांढऱ्या फरश्या आहेत. चला ना वर, दाखवते.”

“आता काय दाखवणार? रातोरात घासली असेल!” चष्मेवाले म्हणाले.

“साहेब, या पायाने मला दिवसा जिना चढवत नाही. रात्री काय उडत जाऊ?”

“फोटो काय खोटं बोलतो?” एक आई म्हणाली. “पडद्यावर दाखवलंय, आम्ही सगळ्यांनी बघितलंय.”

मोठ्या बाईंनी मावशींकडे न बघता हात पुढे केला. “चौकशी होईपर्यंत घरी थांबा. किल्ली द्या.”

मावशींना कमरेची गाठ लवकर सुटेना. चौदा वर्षांची गाठ ती. शेवटी त्यांनी किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली ती माझ्या शेजारीच. मी ओरडत होतो, मित्रांनो. तो ‘तर’ मी पाहिला होता, माझ्यातूनच तो गेला होता. जगात मी एकटा साक्षीदार आणि मला तोंड नाही.

खारूताई दाराबाहेर उभी होती. सगळे गेल्यावर ती धावत सरांकडे आली.

“सर, मी लिहिलं होतं! तर लिहिलं होतं मी! हे बघा!”

सरांनी फाइल उघडली. होतं खरंच. मग त्यांनी मला चालू केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा फळ्यापाशी जाऊन वाकून पाहिलं. काळ्यावर पुसट पुसट काहीतरी होतं. सर बाकावर बसले.

“खाली कोण बघतं, असं मीच म्हटलं होतं गं,” ते म्हणाले.

“पण टाकी मीच चोरली ना, सर. एक दिवस थांबले असते तर?”

सरांनी ग्रुपवर खरी फाइल टाकली, चूक आपली आहे असं लिहिलं. उत्तर आलं, ‘आता फाइल बदलली असेल.’ त्याखाली अकरा अंगठे. चष्मेवाल्यांचा फोटो त्याआधीच आणखी नऊ ग्रुपवर गेला होता. खारूताईने एकेकाला विनवलं, काका, काढून टाका ना, काकू, काढून टाका ना. काहींनी काढून टाकला. एक म्हणाले, “बाळा, फोटो मी कुठे काढलाय? मी फक्त पुढे पाठवला.”

चार दिवसांनी मावशी त्यांचे गमबूट न्यायला आल्या. खारूताई चित्रखोलीत नवी स्लाइड करत होती. तीच हिरवी टाकी, त्यावर लाल फुली आणि मोठ्ठ्या अक्षरांत ‘खोटे’.

मावशी दारातच थांबल्या. “हे पुन्हा लावणारेस होय?”

“मावशी, हे खोटं आहे असं सांगायला...”

“लोक फुली बघतील का पाखरू?”

खारूताईने लॅपटॉपकडे पाहिलं.

“मागच्या वेळी तुझे शब्द कुणी वाचले? चित्रच घेऊन गेले ना सगळे? परत तेच वाढलंस तर परत तेच घेऊन जातील. माझी टाकी दाखव, पोरी. मी मेले नाही अजून, जिना चढते.”

सरांनी कार्यालयातून किल्ली मागून आणली आणि त्या चढल्या. खारूताईने हात धरला होता. मधे तीनदा बसल्या म्हणे. टाकीचं झाकण उघडून पोरीने फोटो काढला. पांढऱ्या फरश्या, तळ दिसेल असं पाणी. फोटोवर तिने तारीख घातली, वेळ घातली, कोणी काढला ते घातलं आणि तेही सगळं वर, ठळक अक्षरांत.

पुन्हा पालक जमले. या वेळी सरांनी चित्र लहान करून अख्खं पडद्यात बसवलं. खारूताई शेवटच्या रांगेत जाऊन बसली, डोळे बारीक करून सगळं वाचून आली, चारही कोपऱ्यांना बोट लावून आली. माझी जाळी मात्र अजून तुंबलेलीच होती. पोटात आग पेटली होती. दिवा थरथरू लागला. मी मनात म्हणत होतो, आता नको, आता विझू नको, मेल्या, नंतर काय ते मर.

खारूताई या वेळी एकेक शब्द मोठ्याने वाचत होती. “मी त्या दिवशी दुसऱ्याची टाकी दाखवली. विचारून घेतली नव्हती. कुणाची, कुठली, मला अजून माहीत नाही. आपली टाकी ही आहे. विश्वास ठेवू नका. वर चला आणि बघा.”

चष्मेवाले गेले. मोठ्या बाई गेल्या. परत आले तेव्हा बाईंच्या बुटांना गच्चीची धूळ लागलेली होती. त्यांनी किल्ली मावशींच्या हातात दिली आणि काहीतरी पुटपुटल्या. माझ्या पंख्याच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही. मावशींनी ऐकलं असावं, त्यांनी पदराने डोळे पुसले. चष्मेवाल्यांनी फोटो काढून टाकला. मला वाटलं, सुटलो.

मित्रांनो, सुटलो नाही.

आज दुपारी सरांच्या मोबाइलवर तेच चित्र आलं. तेच शेवाळ, तेच पाखरू, वर तीच ओळ. फक्त खाली नाव दुसऱ्याच एका शाळेचं होतं. सरांनी ते खारूताईला दाखवलं. तिचा चेहरा उतरला. ती तशीच जाऊन मावशींना घेऊन आली.

मावशींनी ते बराच वेळ पाहिलं. “या शाळेत टाकी कोण धुतं?” त्यांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं.

“नंबर शोध त्या शाळेचा,” मावशी म्हणाल्या. “तिथल्या बाईने किल्ली काढून देण्याआधी बोलायला हवं.”

खारूताईने नंबर शोधला, फोन लावला आणि मावशींच्या कानाशी धरला. आता या क्षणी मी बोलतो आहे तेव्हा तिकडे घंटी वाजते आहे. अजून कुणी उचललेला नाही. सर दुसरा नंबर शोधत आहेत.

माझ्यात उजेड थोडाच उरला आहे आणि मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत. ते हिरवं चित्र तुमच्या घरातल्या कुणाच्या मोबाइलवर आलं, तर पुढे पाठवू नका, एवढ्यावर थांबूही नका. ज्या शाळेचं नाव त्यावर असेल तिथे जा, टाकी धुणाऱ्या बाईंना शोधा आणि त्यांना म्हणा, “चला मावशी, मी येतो तुमच्याबरोबर वर.” आजच जा, मित्रांनो.