ड्रायव्हरने काढलेला नकाशा

बायको गेल्याचं त्याला राजवाड्यामागच्या पार्किंगमध्ये कळलं. दवाखान्यातून मेहुणीचा फोन आला, तेव्हा त्याच्या बसचे बेचाळीस प्रवासी आत राजवाडा बघत होते. त्यांना सोडून निघणं जमेना. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत पाऊण तास तो स्टिअरिंग धरून बसून राहिला.

तीन महिन्यांनी प्रश्न आला वरच्या खोलीचा. राजधानी बघायला येणाऱ्यांना बायको ती खोली भाड्याने द्यायची. कुठे जायचं, काय चुकवायचं नाही, हे सकाळी चहाबरोबर तास तास सांगायची. पाहुणे खोलीपेक्षा त्यावरच खूश असत.

"भाऊजी, तुम्ही धड चार वाक्यं बोलत नाही," मेहुणी म्हणाली. "हे ताईने घेतलेलं बुकिंग आहे म्हणून येऊ देत. पण ह्या पाहुण्यांनी तोंड वाकडं केलं, तर खोलीला कुलूप."

त्याला कुलूप नको होतं. जिन्यावर पावलं वाजणार नसतील तर सकाळी उठायचं कशाला, हेच त्याला समजत नव्हतं.

पाहुण्या आल्या त्या सासू-सुना. सासूचे गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"काय बघायचं हो इथं?" सासूने बशीत चहा ओतत विचारलं.

झाली पंचाईत. बावीस वर्षं त्याने लोकांना राजवाड्यापर्यंत नेलं, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. बस सोडून जाणार कसा? मग कागद घेऊन ठाऊक होतं तेवढं त्याने काढलं. पार्किंग, सावलीचं झाड, स्वच्छ संडास, गार पाण्याचा नळ, पंक्चरवाला.

"जाता-येता डावीकडेच बसा, ऊन लागत नाही," तो म्हणाला.

सुनेने कागद उलटसुलट फिरवला. "ह्यात राजवाडा कुठंय?"

"तो दिसतोच. एवढा मोठा आहे." आणि सवयीने पुढे म्हणाला, "बरोबर साडेतीनला झाडाखाली. उशीर झाला तर बस थांबणार नाही."

दिवसभर त्याच्या जिवाला घोर. संध्याकाळी दोघी आल्या त्या हसतच.

"साडेतीनला झाडाखाली हजर," सून म्हणाली. "मग आठवलं, आपण साध्या बसने आलोय, ती दर पंधरा मिनिटांनी असते."

"हिने पळवलं मला," सासू म्हणाली. "पण काय हो, समोरून म्हणे दोनशे पायऱ्या आहेत. तुमच्या पार्किंगकडच्या मागच्या दाराने एकही नाही. दरबार पाहिला, राणीचा महाल पाहिला. पंक्चरवाल्याने बसायला खुर्ची दिली. तुमच्या मिशांचं वर्णन केलं, लगेच ओळखलंन. नळावर एक बाई धापा टाकत होत्या, त्यांनी तर तुमच्या कागदाचा फोटोच काढून घेतला."

मेहुणी दारात उभी राहून ऐकत होती.

"कुलूप आणू का?" त्याने विचारलं.

"फोन आलाय, पुढच्या आठवड्यात चौघं येऊ का म्हणतायत," ती म्हणाली. "हो सांगते. पण तेवढ्या मिशा नीट कापा."

कितीतरी दिवसांनी तो मोठ्याने हसला.

"उद्या संग्रहालय," सासू म्हणाली. "तिथलं सांगा."

संग्रहालयाजवळ बस लावायला जागा नाही, त्यामुळे तो तिकडे कधी फिरकलाच नव्हता. बायको त्यावर अर्धा अर्धा तास बोलायची, पण ते ऐकायला तो कधी थांबला नव्हता.

"ते मला नाही माहीत," तो म्हणाला. "संग्रहालय बघायचं राहिलंय."