गातो पिमांची पेटी आणि पिस्ताश

पिस्ताशने तिसरा खोका कुरतडला आणि सकाळी तो आईच्या चपलेत झोपलेला सापडला. म्हणजे आईने पाय घातला तेव्हा सापडला. दोघंही किंचाळली. पिस्ताशचं कुणाला ऐकू आलं नाही, आईचं अर्ध्या त्रियोले गावाला ऐकू गेलं.

"अनुसया! हा लेरा घरातून जाणार म्हणजे जाणार!"

लेरा म्हणजे उंदीर. आमच्या घरात मराठी आणि बेटावरची क्रेओल बोली एकाच ताटात वाढतात, आणि राग आला की क्रेओल आधी वाढतात.

"उंदीर नाही आई, हॅमस्टर आहे."

"शेपूट आखूड म्हणून काय तो मंत्री झाला?"

मी स्वेटरच्या कारखान्यात मशीनवर बसते. आमच्या हाँगकाँगच्या मालकाची बायको बेट सोडून गेली. आम्ही बायकांनी पगारवाढ मागितली होती. त्याबदली तिने जाताना एकीला जुने पडदे दिले, एकीला बिघडलेली इस्त्री, आणि मला हा. पडदे आणि इस्त्रीवाल्या अजून शिव्या देतात. मी नाही देत. तपकिरी-सोनेरी, मुठीएवढा गोल जीव. पिस्ताश म्हणजे शेंगदाणा. पहिल्याच दिवशी त्याने इतके शेंगदाणे गालात कोंबले की तोंड अंगापेक्षा रुंद झालं. दिवसभर लोकरीची धूळ खाऊन घरी यावं आणि हे ध्यान बघावं, एवढीच माझी चैन. लग्नाचं विचारणारे येतात आणि माझं बोलणं ऐकून परत जातात. पिस्ताश परत जात नाही.

आईने चूल पेटवता पेटवता निकाल दिला. "पुढच्या आठवड्यात गणपती बसणार. त्याच्या आत याला काचेच्या घरात घाल, जिथून तो निघणार नाही आणि मांजर शिरणार नाही. नाहीतर शनिवारी बलराम मखर बांधायला येतोय, तो याला तेर रूजला, त्याच्या घरी, घेऊन जाईल."

बलराममामाच्या पोरांनी त्याआधी एक ससा आणि एक कासव प्रेमाने संपवलं होतं. कासव संपवायला किती प्रेम लागत असेल, विचार करा.

"गणपतीच्या पायाशी मातीचा उंदीर चालतो, माझा जिवंत चालत नाही?" मी म्हटलं.

"तो चपलेत झोपत नाही," आई म्हणाली.

पापा ओट्यावर खुर्चीत बसून हे ऐकत होते. माझे पापा, तुलसीराम, ऐकत असले तरी बघायचे रस्त्याकडे. बस आली की मान वर, बस गेली की मान खाली. दादाचं लग्न झाल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं. त्याआधी ते गातो पिमां विकायचे. वाटलेल्या डाळीचे, मिरची घातलेले, तळलेले गोल वडे. सायकलच्या मागे काचेची पेटी, तिला आम्ही वित्रीन म्हणतो, आणि संध्याकाळच्या बसला थांब्यावर रांग. पाऊस असला तर पेटी आमच्या ओट्यावर स्टुलावर यायची आणि रांगही मागोमाग ओट्यावर यायची. मग माझा भाऊ कृष्णदेव सरकारी कारकून झाला, शहरातली, रोझ हिलची मुलगी केली, आणि पापांना म्हणाला, "माझे सासरे बसमधून उतरून तुम्हाला मिरचीच्या धुरात बघणार? मी तोंड कुठे दाखवू?" त्याच वड्यांवर शिकलेलं तोंड! मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. तरीही लग्न झालं आणि जेवण चांगलं होतं. पापांनी पेटी मागच्या छपरात ठेवली, वर गोणपाट टाकलं, आणि विचारणाऱ्यांना सांगायला लागले की गुडघे दुखतात. गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं. आई मात्र अजून दर शुक्रवारी डाळ भिजत घालायची. "हाताला सवय," म्हणायची. मग शुक्रवारी रात्री आम्ही तिघं मुकाट्याने वडे खायचो.

असो. मला काच हवी होती.

चिनी दुकानातून मी गोळ्यांची बरणी आणली. पिस्ताश तिच्यात लोणच्यासारखा दिसायला लागला, वळायलाही जागा नाही. पक्ष्याचा पिंजरा आणला, तर तो दोन गजांमधून चालत बाहेर आला, अगदी घरमालकासारखा. मग कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन रोझ हिलला गेले. एका दुकानात माशांच्या काचपेट्या मांडलेल्या होत्या. आतली बाई माझ्या पायातल्या सपातांकडे बघून फ्रेंचमध्ये म्हणाली की हे सगळं शोभेचं आहे. मी क्रेओलमध्ये म्हटलं की तुम्हीही शोभेच्याच दिसता, आणि बाहेर आले. राग शांत झाल्यावर लक्षात आलं की काच तर घेतलीच नाही.

दादाच्या कानावर हे गेलं. रोझ हिलमध्ये सगळं कानावर जातं. बुधवारी तो मोटारीतून स्वतः एक पेटी घेऊन आला. उंच, अरुंद, खाली काळी चकचकीत पट्टी.

"गणपतीला सासरे येणार आहेत," तो म्हणाला. "उंदीर ठेवायचाच असेल तर निदान बघण्यासारख्या पेटीत ठेव. परदेशी प्राणी आहे म्हणून सांगू."

"परदेशीच आहे. पण ही पेटी माशांची आहे, दादा."

"पेटी ती पेटी."

असा माझा भाऊ. पिस्ताशला आत ठेवलं. जमीन बशीएवढी आणि भिंती विहिरीसारख्या. तो मागच्या पायांवर उभा राहायचा, काचेवर हात टेकायचा आणि घसरायचा. ऑगस्ट म्हणजे आमच्या बेटावर थंडीचे दिवस. सकाळी बघितलं तर काच आतून धुरकट, गवत ओलं, आणि पिस्ताश कोपऱ्यात अंग फुगवून शिंकतोय. वास खाली साचलेला. वरून तोंड उघडं असूनही वारा तळाशी पोचतच नव्हता.

मी त्या धुरकट काचेवर बोट फिरवलं आणि एकदम आठवलं. पापांच्या पेटीच्या काचा अशा कधी व्हायच्या नाहीत. गरम वडे आत, पण काच लखलखीत. वरच्या पत्र्याला त्यांनी खिळ्याने भोकं पाडली होती, वाफ निघून जावी आणि वडे मऊ पडू नयेत म्हणून. रुंद तळ, पत्र्याची चौकट, मागे सरकतं दार. कुरतडायला लाकूड नाही, मांजराला फट नाही, वारा खेळता. अख्ख्या बेटावर हॅमस्टरसाठी याहून चांगलं घर नव्हतं, आणि ते आमच्याच छपरात गोणपाटाखाली पडलं होतं!

"तिला हात लावायचा नाही," पापा म्हणाले.

"पापा, पिस्ताश आजारी पडेल."

"लोक खायचे त्यातून. त्यात उंदीर घालणार?"

"आता त्यात कोळी राहतात. कोळी चालतात?"

"अनुसया, तोंड आवर."

"नाही आवरत. पेटी अंधारात, तुम्ही खुर्चीत. दोघांनाही गोणपाट घालून ठेवलंय त्या दादाने, आणि तुम्ही ठेवू दिलंत!"

पापा उठून आत गेले. आई म्हणाली, "फार बोललीस." मी म्हटलं, "थोडंच बोलले." पण रात्री मला भात गेला नाही.

शुक्रवारी कारखान्यातून आले तर पापा अंगणातल्या नळाशी उकिडवे बसलेले. दुखऱ्या गुडघ्यांवर! पेटी राखेने घासून, लिंबाने पुसून झाली होती आणि ते पत्र्याला खिळ्याने आणखी भोकं पाडत होते.

"तुझ्या त्या साहेबाला वारा कमी पडायला नको," माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी आनंदाने ओरडलेच. पेटी आम्ही दोघांनी उचलून ओट्यावर ठेवली. कुठे, तर जुन्या स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून. दुसरीकडे ठेवायचं सुचलंच नाही, हात आपोआप तिकडेच गेले. आत सुकं गवत पसरलं, पुठ्ठ्याची नळी ठेवली आणि पिस्ताशला सोडलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो धावला, मग नळीतून धावला, गाल भरले, गवत उकरून मधोमध खड्डा केला आणि त्यात गोल होऊन झोपला. नाक पोटात, पाय पोटात. सोनेरी, तपकिरी, खरबरीत गोळा.

आणि पोर्ट लुईची बस आली.

बसमधून उतरणाऱ्यांत चंद्रावती पहिली. शेजारच्या गल्लीतली, आवाज लाउडस्पीकरसारखा. तिने आमच्या ओट्याकडे बघितलं आणि रस्त्यातच ओरडली, "आयो! तोंतों तुलसीराम सुरू झाले!"

तोंतों म्हणजे काका. बास. त्या एका आरोळीने अर्धी बस आमच्या ओट्यावर आली. कुणी चिनी दुकानातून पाव घेऊन धावत आला, कारण वडे गरम पावात दाबूनच खायचे असतात. बघता बघता रांग.

"तोंतों, मला पावात चार, बाकी बांधून."

"आधी मी आले!"

"अहो, थांबा, हे ते नाही..." पापा म्हणत होते. कोण ऐकतंय? चंद्रावतीने काचेला नाक लावलं.

"एकच उरला? पण केवढा मोठा! तोंतों, हाच द्या मला."

तिने काचेवर टिचकी मारली. वड्याने एक डोळा उघडला. मग कान वर केले. मग जांभई दिली.

"हलला!" चंद्रावती पाव टाकून मागे सरकली, थेट मागच्या माणसाच्या पायावर. "तोंतों, तुमच्या गातोला दात आहेत!"

मी ओट्यावर बसूनच हसत सुटले. मग एकेक जण वाकून बघू लागला आणि हसू रांगेच्या टोकापर्यंत गेलं. पिस्ताश उभा राहून सगळ्यांना बघत होता. एवढे पाव त्याने जन्मात बघितले नव्हते. हसून झालं, तरी गंमत म्हणजे कुणी हलेना. हातात पाव धरून सगळे पापांकडे बघत उभे.

"आज नाही," पापा हळूच म्हणाले. "डाळ भिजवलेली नाही."

"भिजवलेली आहे," आतून आईचा आवाज आला. "वाटूनही झाली. तेल तापतंय. तुम्ही बोलतच बसणार आहात का?"

पापांनी बाह्या सरसावल्या. मी त्यांना एवढ्या झपाट्याने चालताना कितीतरी दिवसांनी बघत होते. पहिला घाणा निघाला तेव्हा मिरचीचा ठसका रस्त्यापर्यंत गेला आणि गाडीवाले थांबले. पापा भरलेली परात घेऊन ओट्यावर आले आणि पेटीसमोर उभे राहिले. पेटीत पिस्ताश. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मागितलं असतं तर मी भांडले तरी असते.

मी दार सरकवून पिस्ताशला उचललं आणि ओढणीत घेतलं. पापांनी पेटी पुन्हा धुतली, उकळतं पाणी ओतून, पुसून, नवा कागद घातला आणि वडे रचले. काच लखलखीत राहिली. चंद्रावतीने पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, म्हणाली, "याला दात नाहीत, पण चावतो चांगला."

मला हसूही येत होतं आणि धडकीही भरली होती. उद्या शनिवार. बलराममामा. पिस्ताश पुन्हा बेघर, आणि मीच त्याला बाहेर काढला होता.

त्याला घेऊन मागच्या अंगणात गेले. कपडे धुवायच्या दगडावर दादाची ती माशांची पेटी वाळत पडली होती. आईने सकाळी घासून कडेवर आडवी टाकलेली, तोंड एका बाजूला. मी तिच्या शेजारी बसले, ओढणी जरा सैल झाली, आणि पिस्ताश उतरून सरळ त्या पेटीत चालत गेला. आत धावला. परत आला. पुन्हा धावला. मी बघतच राहिले. जी भिंत विहिरीसारखी होती ती आता जमीन झाली होती. लांब, रुंद. तोंड समोर उघडं, वारा थेट तळापर्यंत. पेटी तीच! फक्त दादाने ती रुबाबात उभी केली होती.

"पापा!" मी अशी ओरडले की रांगेतले चार जण सोबत धावत आले.

पापांनी हातातला झारा खाली ठेवला, वाकून बघितलं, आणि आत जाऊन तळणाच्या परातीवर ठेवायची नवी कोरी तारेची जाळी घेऊन आले. पेटीच्या तोंडाला लावली, वर-खाली तारेने घट्ट आवळली, आणि एक बाजू उघडझाप करण्यापुरती मोकळी ठेवली. पिस्ताशने जाळी चावून बघितली. तिने दाद दिली नाही. मांजराने पंजा घालून बघितला. पंजा बाहेरच राहिला. आईने दोन्ही बाजूंनी वाकून पाहणी केली आणि म्हणाली, "बरं आहे. पण चपला मी आजपासून कपाटात ठेवणार."

शनिवारी बलराममामा मखर बांधून वडे घेऊन गेला. नुसते वडे.

गणपतीच्या दिवशी दादा, पुष्पावहिनी आणि तिचे वडील मोटारीतून उतरले. ओट्यावर पेटी, पेटीत वडे, मागे पापा नव्या सदऱ्यात. दादाचा चेहरा पडला. तो घाईघाईने सासऱ्यांना आत नेऊ लागला, "इकडे या, इकडे, तो परदेशी प्राणी बघा," आणि आत येऊन थबकला.

"अनुसया, ही पेटी पडली की काय?"

"नाही. आडवी आहे."

"आडवी कोण ठेवतं?"

"ज्याला आत राहायचंय त्याला विचार."

तो विचारणार होता बहुतेक, पण मागे वळून बघतो तर सासरे आत आलेच नव्हते. ते ओट्यावर वित्रीनपाशी उभे, एक वडा तोंडात, एक हातात. कपाळावर घाम, चेहऱ्यावर पूर्ण समाधान. रोझ हिलच्या बाजारात असे मिळत नाहीत, असं पापांना सांगत होते, आणि पापा त्यांना डाळ किती भरड वाटायची ते सांगत होते. ते मोटारीपाशी जाईपर्यंत तीन वडे संपले.

निघताना त्यांनी मोटारीची काच खाली केली आणि हाक मारली, "कृष्णदेव! घरच्यांसाठी एक पुडा बांधून आण. मिरचीचे जास्त बघ."

पापा तेव्हा आरतीच्या ताटाकडे गेले होते. माझे हात रिकामे होते, पण मी ते पाठीमागे बांधले. दादाने माझ्याकडे बघितलं. मी पिस्ताशकडे बघितलं. शेवटी माझ्या कारकून भावाने इस्त्रीच्या बाह्या वर केल्या, पेटीचं दार सरकवलं, कागद घेतला, आणि पुडा असा झकास बांधला, कोपरे आत दुमडून, जसा तो लहानपणी थांब्यावर पापांच्या शेजारी उभा राहून बांधायचा. हात विसरले नव्हते. पुडा देऊन आला तेव्हा बोटं चाटत होता.

"तिखट कमी आहे," तो म्हणाला.

"मग शुक्रवारी येऊन मिरची वाट," आई म्हणाली.