थोरल्या येयचं डोकं

देवळं बघायला येणाऱ्या माणसांबद्दल येय न्हेपचं मत फार वाईट होतं आणि ते ती कुणापासून लपवत नसे. हत्तींची चित्रं छापलेल्या फुगीर विजारी घालून ही माणसं यायची, उंबऱ्यावर उभी राहायची, फोन वर धरायची आणि घामाघूम होऊन परत गाडीत बसायची. कुणी काही मागत नसे. तिच्या लहानपणी देवळात बघायला म्हणून कोणी येतच नव्हतं. देवळात जायचं ते मागायला. पाऊस, मूल, हरवलेली म्हैस. नव्या वर्षाला तिथल्याच अंगणात पोरंपोरी मोठाल्या बियांचा खेळ खेळत, जिंकणारे हरणाऱ्यांच्या गुडघ्यावर बी आपटत, आणि मग सगळी थोरल्या येयसमोर मांडी घालून तांदळाच्या शेवया खात. देवीला त्याचा कधी त्रास झाला नाही. आता अंगणाला दोरी बांधली होती. ज्याला काही मागायचं नाही त्याच्यासाठी दोरी कशाला बांधायची, असं येय न्हेप म्हणे.

येय म्हणजे आजी. गावात आज्या पुष्कळ, पण थोरली येय एकच. अंगकोरच्या मोठ्या देवळांपासून लांब, भातखाचरांमधल्या विटांच्या लहानशा देवळात ती दगडाची येय उभी होती. दर नव्या वर्षाला बायका तिला नवं पोलकं आणि रेशमी सांपोत, म्हणजे कमरेचं लुंगीसारखं वस्त्र, नेसवत, ते जुन्यावरूनच. देवीला उघडं करायचं नाही, असा रिवाज होता. अडलेल्या बाळंतिणी, पाळी चुकलेल्या मुली, ज्यांचे नवरे थायलंडला जाऊन परतले नव्हते त्या बायका, सगळ्या तिच्यापुढे विडा ठेवून हळू आवाजात बोलत.

तिला डोकं मात्र नव्हतं. कुणाच्याच आठवणीत नव्हतं. न्हेपच्या आजीनेही मानेवर टाकलेलं लाल फडकंच पाहिलं होतं. शहरं रिकामी करून सगळ्यांना शेतात जुंपणाऱ्या काळ्या कपड्यांवाल्यांचं राज्य संपलं आणि माणसं एकेक करून गावात परत आली, तेव्हा न्हेपच्या नवऱ्याने, मेआसने, सिमेंटचं डोकं करून त्या मानेवर बसवलं. मेआस गवंडी होता. विहिरी, खांब आणि विहाराच्या दारातले सिंह यांच्यापलीकडे त्याने काही केलेलं नव्हतं. डोकं बसवून झाल्यावर त्याने न्हेपला एकटीला बोलावून दाखवलं.

"कोण आहे, ओळख."

न्हेपने ओळखलं. त्यांची एकुलती एक मुलगी थिदा त्या राज्यात धरणाच्या कामावर नेली गेली होती आणि परत आली नव्हती. तिचा फोटो नव्हता. होते ते न्हेपनेच चुलीत घातले होते, कारण फोटो बाळगणारी माणसं शहरातली समजून उचलली जात.

"कान ताटाएवढे केलेस," न्हेप म्हणाली. "माझी मुलगी अशी होती?"

"अशीच होती," मेआस म्हणाला, आणि थापी धुवायला गेला.

हे त्या दोघांखेरीज कुणाला कळलं नव्हतं. निदान न्हेप तसं समजत होती. पुढे मेआस वारला. न्हेपला तिच्या आईच्या लग्नातल्या बैलगाडीचा रंग आठवे, पहिल्या गोऱ्या साहेबाच्या कुत्र्याचं नाव आठवे, पण थिदाचं तोंड आठवायला गेलं की सिमेंटचंच समोर येई. खरं कुठे गेलं ते सापडत नव्हतं. म्हणून ती रोज सकाळी देवळात जाऊन बसे. लोक तिला भाविक समजत. लोकांना काय समजतं.

मग तिच्या बहिणीचा नातू पिसेत बातमी घेऊन आला. तो प्रवाशांना हिंडवायचा. थोरली येय ही एका राणीची मूर्ती आहे, तिला राजाने जिवंत भिंतीत चिणलं, असं तो सांगायचा. आदल्या वर्षी तो तिला नर्तकी म्हणायचा.

"येय, तिचं खरं डोकं सापडलंय," तो म्हणाला. "परदेशातल्या संग्रहालयात होतं. ते परत देतायत. दिवस ठरला."

"तिला डोकं आहे."

"ते सिमेंटचं होय. माझे पाहुणे त्याला बघून हसतात, येय."

"तुझ्या गोष्टी ऐकून हसत नाहीत का?"

"त्या ऐकून तर ते बक्षीस देतात," पिसेत म्हणाला.

"म्हणून तर म्हणते, अकलेने कमी आहेत. आणि आताचं डोकं काढून त्याचं काय करणार?"

पिसेतला ते माहीत नव्हतं. न्हेप त्या दिवशी जेवली नाही.

ठरल्या दिवशी अंगणात मांडव घातला. पुरातन वस्तूंच्या जतन खात्याचे कोसाल साहेब पांढरा शर्ट घालून आले. भिक्खू आले, ढोल आले, कॅमेरे आले. कोसाल साहेब पुष्कळ वेळ बोलले. वारसा हा शब्द त्यांनी इतक्यांदा वापरला की शेजारी बसलेली येय मोम न्हेपला म्हणाली, "याच्या सासरचं मेलंय का कुणी? सारखं वारसा-वारसा करतोय."

"गप ऐक. असल्या शर्टाला इस्त्री करायला बायको लागते, तीही बिचारी घरी हेच ऐकत असेल."

मग कामगारांनी मूर्तीवरची वस्त्रं उतरवायला घेतली. बायका कुजबुजल्या. एकाखाली एक किती पोलकी होती कोण जाणे, काही हातात घेताच विरत होती. शेवटचं उतरलं तेव्हा खाली छाती सपाट निघाली. कुणीतरी म्हणालं, झिजली असेल. तेवढ्यात पेटी उघडली आणि परदेशातून आलेलं डोकं वर आलं. कपाळावर तिसरा डोळा होता. ओठांवर छान वळणदार मिशा होत्या.

बायका पुढे सरकून बघायला लागल्या.

"हा शिव आहे," कोसाल साहेब म्हणाले. "हजार वर्षांपूर्वीचा. तुमच्या पूर्वजांचा."

"म्हणजे इतकी वर्षं आपण आजोबांना पोलकं घालत होतो?" येय मोम म्हणाली.

मागे तरुण मुली हसायला लागल्या. थोरल्या बायका मात्र हसल्या नाहीत. आपण या मिशीवाल्याला काय काय सांगून बसलो, ते प्रत्येकीला आठवत असावं. एकीने तर गळ्यातलं फडकं तोंडावर ओढलं. न्हेपला शिवाचं काही वाटलं नाही. तिचं लक्ष पायरीकडे होतं. मानेवरून उतरवलेलं सिमेंटचं डोकं तिथे आडवं ठेवलं होतं, गाल धुळीत, आणि एक कामगार त्याच्यावर हात टेकून पाणी पीत होता.

ती उठली आणि दोरी ओलांडून गेली.

"हात काढ," ती कामगाराला म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "हे मी घरी नेते."

कोसाल साहेबांनी हात जोडून तिला नमस्कार केला. वागायला ते सभ्य होते, आणि न्हेपला तेच सगळ्यांत असह्य झालं. "येय, ते पूजेतलं आहे ना? पूजेतली वस्तू खासगी घरात देता येत नाही. शहरात आमच्या कोठीत ठेवू, व्यवस्थित, कुलपात."

"कोण पूजा करणार तिथे?"

"कुणी नाही. पण सुरक्षित राहील." त्यांनी पायरीवरच्या डोक्याकडे पाहिलं. "नुसता बांधकामाचा राडारोडा असता तर प्रश्न नव्हता. कुणीही उचलून न्यावा. हे पूजेतलं आहे की नाही, तेवढं गावाने सांगायचं."

न्हेपने गावाकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते. ज्या बायकांनी या तोंडाला साकडं घालून आपली पोरं जन्माला घातली होती, त्यांच्यासमोर तिला बोलायचं होतं, आणि बोलल्यावर त्यांच्याकडे काही उरणार नव्हतं. तिला त्यांची कीव आली नाही. आपली आली, आणि त्याचाच तिला राग आला.

"देवी नाही ही," ती म्हणाली. "राडारोडा आहे. माझ्या नवऱ्याने उरलेल्या सिमेंटचं केलंय. हे तोंड माझ्या थिदाचं आहे. तुम्ही सगळ्यांनी लॉटरीचे आकडे मागितलेत ते माझ्या पोरीकडे. तिला बेरीजसुद्धा येत नव्हती."

ढोलवाल्याने हात खाली घेतले.

"आम्हाला ठाऊक आहे," येय मोम बसल्या जागेवरून म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"थिदा आहे ते. माझ्या धाकटीबरोबर खेळायची ना ती. मी काय आंधळी आहे? पहिल्या दिवशीच ओळखलं. हिला विचार, तिला विचार." बाकीच्या म्हाताऱ्या माना हलवत होत्या. "आणि मेआसला दुसरं येत होतं काय? त्याने बुद्ध केला असता तरी तुझ्या पोरीसारखाच दिसला असता."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू बोलली नाहीस. आणि आमच्यातल्या कुणाचं मूल परत आलं होतं, न्हेप? तोंड तरी एकीचंच होतं ना शिल्लक. तिलाच सगळं सांगत होतो."

न्हेप साहेबांना म्हणाली, "ऐकलंत? राडारोडा."

कोसाल साहेबांनी गावाला विचारलं. येय मोम म्हणाली, राडारोडाच तो, उचला एकदाचा. इतर बायकाही तेच म्हणाल्या, एकजात गंभीर तोंडाने. साहेब त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी कामगारांना खूण केली.

पिसेतच्या रिक्षात ते डोकं चढवायला चार माणसं लागली. न्हेप शेजारी बसली, एक हात त्याच्या कानावर ठेवून. वाटेत पिसेत म्हणाला, "येय, पाहुण्यांना ही गोष्ट सांगू का? ही खरी आहे."

"सांगितलीस तर रिक्षासकट तळ्यात घालीन."

खांबांवरच्या घराच्या ओसरीखाली सावलीत डोकं ठेवून झालं तेव्हा दुपार कलली होती. न्हेपने ओल्या फडक्याने त्याच्या गालावरची धूळ पुसली. एकटीने बसायचं म्हणून तिने चटई आणली. ती अंथरते तोच फाटकाशी माणसं दिसली. पुढे येय मोम, तिच्यामागे म्हाताऱ्या, आणि सगळ्यांत मागे कुणाची तरी पोट पुढे आलेली तरुण सून, हातात विड्याचं तबक घेऊन.

"काय आहे?" न्हेपने विचारलं. "मिशीवाल्याकडे जा. तो हजार वर्षांचा आहे."

"त्याला काय कळतं बाळंतपणातलं," येय मोम म्हणाली आणि आत आली.

"माझी पोरगी चौदाची होती. तिला तरी काय कळतं?"

"कळत नसेना. ऐकून घेते."

न्हेपने फाटकाकडे बोट दाखवलं. "चपला तिथे काढा. आणि एकेकीने बोला, ती काही बहिरी नाही."

तिने उठून दुसरी चटई आणली.